सावल्या चोरणाऱ्याचा सिनेमा

भुसावळात मे महिन्यात
सावली मोजून वापरतात.
रिक्षावाला कडुनिंबाची अडवतो,
कुत्रं रिक्षाची,
आणि आम्ही चौघं तिकीटखिडकीच्या पत्र्याखाली
वीतभर पट्टीत, भिंतीला पाठ लावून.

म्हणून पडद्यावरच्या त्या गावात
काळा झगेवाला उतरला
आणि वाळत घातलेल्या चादरींसारख्या
सगळ्यांच्या सावल्या घड्या घालून घेऊन गेला,
तेव्हा ओजसने माझा हात घट्ट धरला.
पाच वर्षांचा आहे.
काय चोरीला गेलं
ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

(गेटवरचा अमळनेरकडचा माणूस आधीच म्हणाला होता,
"एसी बंद पडेल शे, बहीन. पंखा चालू शे.")

चांगलं ते आधी सांगते.
कासव.
म्हातारं, पाठीवर शेवाळ, आणि उडणारं.
पण उडताना पाय हलायचे ते पाण्यातल्यासारखेच,
सवय सुटली नव्हती.
ज्याने हे काढलं त्याने कधीतरी
रिटायर झालेल्या माणसाला
पहाटे चारला डबा शोधताना पाहिलं असणार.
आणि नदी.
हतनूरचे दरवाजे उघडतात त्या दिवशी तापीला असतो
तोच रंग तिला दिला होता,
निळा नाही, चहाचा.

आता दुसरं.
सरडा बोलतो.
सरडा दरीत पडताना बोलतो,
मुलगी रडते तेव्हा बोलतो,
एकदा तर कासवाच्या तोंडात बसून बोलतो.
झगेवाल्याला लहानपणी कुणी खेळायला घेतलं नाही
म्हणून तो असा झाला,
हे त्याने स्वतःच कड्यावर उभं राहून सांगितलं,
स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यासारखं,
संपत आलं असं वाटेल तिथे पुन्हा सुरुवात करत.
शेवटची लढाई म्हणजे नुसता उजेड.
तो आम्हाला बाहेर फुकट होता.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते.
बिनसावलीच्या त्या गावात
कुणालाच घाम येत नाही.
एकही बाई पदर डोक्यावर ओढत नाही,
कुणी माठाला ओलं फडकं गुंडाळत नाही,
गुरं कुठे बांधायची असं विचारत नाही.
सगळे फक्त उदास होतात.
सावली म्हणजे मनातलं काहीतरी,
असं काढणाऱ्यांना वाटत असावं.
ज्यांच्याकडे ऊन पाहुण्यासारखं येतं
त्यांच्याकडे असेलही.

नरेंद्र रात्रभर मालगाडी चालवून
सकाळी खंडव्याहून आला होता.
कासव यायच्या आधीच झोपला.
मोक्षदाने दोनदा कोपराने ढोसलं,
मग पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवून दिला,
टेबल समजून.

तो जागा झाला तेव्हा सावल्या घरी परतत होत्या,
जमिनीवरून सरपटत,
आपापल्या माणसाचे पाय हुंगत.
मुलीच्या बापाची सगळ्यात शेवटी आली.
लंगडत.
बाप धडधाकट, ताठ उभा,
सावलीच तेवढी लंगडत होती.
का, ते कुणी सांगितलं नाही.
सरडासुद्धा गप्प.
तीन सेकंद असतील.
मग ढोल वाजले आणि अख्खं गाव नाचायला लागलं.

"हिला काय झालं?" नरेंद्र डोळे चोळत म्हणाला.
"लांबून आली ना," मोक्षदा म्हणाली.

या तीन सेकंदांसाठी मी
तिकिटाचे पैसे वसूल धरले,
घामाचे नाही.

बाहेर लिंबू-सोड्याच्या गाडीवर मी विचारलं,
सगळ्यात काय आवडलं?
कासव म्हणतील असं वाटलं होतं.
"सरडा!" ओजस म्हणाला,
आणि यावल रोडपर्यंत
त्याच्याच आवाजात बोलत राहिला.

पुलाच्या अलीकडे नरेंद्रचा फोन वाजला.
नऊ चाळीसची ड्युटी.
"हो, हो साहेब," म्हणत तो भरभर पुढे गेला,
उन्हं कलल्याने मागे लांबच लांब झालेला.

मोक्षदा रेंगाळली,
खाली बघत.