उलटा कान

कोपरखैरणे, सेक्टर सात. माझं झेरॉक्सचं दुकान.
रात्री नऊला, शटर अर्धं ओढलेलं असताना
वाकून एक मुलगा आत येतो.
ताई, आधार स्कॅन करायचंय,
एका साइटला अठरा पूर्ण झाल्याचं दाखवायचंय.
कसली साइट, मी विचारत नाही.
त्याच्या नखांच्या कडेला पुसूनही उरलेलं नेलपॉलिश
दिसतं मला,
आणि मी मशीनकडे बघते.

माझं वय कुणी असं तपासलं नव्हतं.
घणसोलीच्या शाळेत मढवीबाई म्हणाल्या,
डोक्यावरून हात घे, उलटा कान धर.
बोटं टेकली. झालं, बस पहिलीत.
जन्मतारीख बाईंनीच लिहिली, एक जून,
वर्गातल्या बावीस जणांची तीच.
माझा कान बाईंनी ठेवून घेतला नाही.

काचेवर कार्ड पालथं पडतं.
त्यात बापाचं नाव, चाळ, खोली नंबर,
आणि चौदाव्या वर्षीचा दचकलेला चेहरा.
त्यांना हवं काय, तर एक हो.
एका होसाठी अख्खं घर
उचलून द्यायचं?

ड्रॉवरमध्ये मुलीच्या प्रोजेक्टमधला काळा कागद आहे.
कात्रीने त्याला खिडकी पाडते, नखाएवढी,
जन्मसालापुरती.
झाकण लावते. उजेड इकडून तिकडे सरकत जातो.

कागदपत्र अस्पष्ट आहे.
पुन्हा प्रयत्न करा.
चेहरा चौकटीत आणा. डावीकडे बघा. डोळे मिटा, उघडा.

हा फोटो ठेवतात का हो ते?
अटी उघडते. माझं बोट थकेपर्यंत अटी.
कुठेतरी मध्ये, बारीक अक्षरात,
आवश्यक तेवढा काळ.
कुणाला आवश्यक, ते लिहिलेलं नाही.

राहू दे ताई, म्हणतो.
मी फाइल पुसते. कचऱ्याची टोपलीही
त्यालाच रिकामी करायला लावते,
झाकण उचलून काच दाखवते,
बघ, काही नाही.
पैसे?
कॉपी निघालीच नाही, कसले पैसे.

मग काय वाटलं, मढवीबाईंचं सांगितलं त्याला.
हसला. पहिल्यांदाच.
हात डोक्यावरून नेला,
बोटं कानाच्याही खाली, मानेपर्यंत पोचली.
हो, मी म्हटलं,
आणि शटर ओढलं.

उजवा होता की डावा,
आता आठवत नाही.