पोटखराबा

पोळ्याच्या आसपास कधीतरी
धुण्याच्या दगडापाशी ते उगवलं.
वीतभर झालं तेव्हा ध्यानात आलं,
हे आपण लावलेलं नाही.
प्रयाग म्हणाली, मिरची असेल,
वाळवण चाळताना सांडलं असेल बी.
दोन दिवस तिनं त्याला तांदळाचं धुवण घातलं,
मग पान बोटांत धरून म्हणाली,
नाही, मिरचीला असे दाते नसतात.

बत्तीस वर्षं तलाठी होतो मी.
हाणेगाव, मरखेल, शेवटी देगलूर.
बांधावर उभं राहून,
कधी कधी, आता सांगायला हरकत नाही,
चावडीतूनच न उठता
गाव नमुना बारा भरला.
तूर, मूग, उडीद, पिवळी ज्वारी,
सोयाबीन आलं तसं सोयाबीन.
मोटारसायकलवरून रंग बघून सांगायचो,
हे जवस, ती करडई.
आणि इथं, तीस बाय चाळीसच्या प्लॉटात,
एक रोप मला नाव सांगेना.

खाजामियाँ भिंतीवरून डोकावले.
“धतूरा है साब. उखाड के फेको,
पोट्टे खेलते इधर.”
मागच्या गंगामणीबाईंना माहेर आठवलं,
बोधनकडचं, शेतातलं.
“बुड्ड… बुड्ड असं कायतरी म्हणत होते,”
आणि पुढचं अर्धं नाव जिभेवरच राहिलं त्यांच्या.
मुलानं पुण्याहून फोटो मागवला,
मोबाईलला विचारून तीन नावं पाठवली,
एक त्रेसष्ट टक्के, एक एकवीस,
एक नुसतंच.
मला पैसेवारी आठवली.
तीही आम्ही अशीच काढायचो.

मग फूल आलं.
धोतऱ्याचं आभाळाकडं तोंड करतं,
हे मान खाली घालून,
पिवळट, सदऱ्याच्या गुंडीएवढं.
आठवड्यानं त्याच जागी
एक हिरवा कंदील उलटा टांगलेला,
कागदासारखा, शिरा दिसणारा,
आत काहीतरी मिटवून ठेवलेला.

आणि मला लेंडीकाठचा तो गट आठवला.
एक हेक्टर दहा आर,
पैकी चौदा आर पोटखराबा.
तिथं एक बाई वाकून
ओच्यात असलेच कंदील गोळा करत होती.
“काय लिहायलाव सायेब?”
“पोटखराबा.”
ती तोंडाला पदर लावून हसली.
“पोट बी आमचंच
आन् खराबा बी आमचाच व्हय?”
चार कंदील तिनं माझ्या पॅडवर ठेवले,
ऐन रकान्यांवर.
खाल्ले की फेकले, आठवत नाही.
नाव विचारलं नाही, हे आठवतं.
तिचंही. त्याचंही.
नमुन्यात दोन्हीला रकाना नव्हता.

काल मिस्बाह आली, खाजामियाँची नात,
सात वर्षांची, पुढचे दात पडलेले.
कुणाला न विचारता कंदील तोडला,
देठाशी चिमटीत धरला
आणि कपाळावर आपटला.
फट्.
“ह्याला काय म्हणतात गं?” मी विचारलं.
“फट्टा,” ती म्हणाली,
जसं काही मीच विसरलो होतो.

खाली गळून पिवळा झालेला एक
मी सोलला.
मण्याएवढं फळ, चिकट.
आधी टमाट्यासारखं आंबट,
मग गोड म्हणेपर्यंत मागून कडसर.
प्रयाग समोर पाटावर बसून राहिली,
घड्याळ बघत, पाव तास,
मला चक्कर येते का म्हणून.
“काय?”
“काही नाही.”
“कडू आहे?”
“थोडं.”
“म्हणजे पाणी घालू का नको?”

मिस्बाहनं एव्हाना पाच फोडले होते,
कपाळ लाल झालं होतं तिचं.
मी उत्तर द्यायच्या आधीच
तिनं तांब्या उचलला.