जहाज सुटायच्या आधी

लिफ्टच्या बाहेर काचेची पाटी.
बोट लावलं की जेवायच्या जागा सरकतात:
इटालियन, जपानी, कुणा शेफच्या नावाची एक,
चौदाव्या डेकवर बुफे, तिथे सगळंच,
आणि अगदी मागे, शेपटाकडे, काचेच्या भिंतींचं स्टेकहाउस,
माणशी अठ्ठेचाळीस डॉलर, पाणी वेगळं.
अकरा भरल्या. मी दोनदा मोजल्या.

खाली खसबचा धक्का. उघडेबोडके डोंगर,
औषधालाही झाड नाही.
ताडपत्रीखाली काय काय बांधून
छोट्या होड्या पलीकडच्या किनाऱ्याकडे निघालेल्या,
रात्री कुठे जेवायचं
हे पक्कं ठाऊक असल्यासारख्या.

ओजस म्हणाला, बाबांची रिटायरमेंट, स्टेकहाउसच.
सून म्हणाली, अरे, आईंचा मार्गशीर्षातला गुरुवार.
नात म्हणाली पिझ्झा, आणि पिझ्झाच म्हणत राहिली.
मी म्हणाले, माझं काय, मला कुठेही एक केळं.
हे वाक्य मी लग्नापासून म्हणत आलेय.

हे गप्प. पाटीकडे न बघता
भिंतीला तळवा लावून उभे.
एकतीस वर्षं दुबईच्या ड्रायडॉकमध्ये
जहाजांच्या पोटाखाली मान वर करून काढली यांनी.
जिना चढून, इस्त्रीचा शर्ट घालून
जहाजात जेवायला, ही पहिली वेळ.
म्हणाले, मागे नको.
आत्ता धक्क्याला आहे तोवर बरं वाटेल,
सात वाजता सुटलं की सूप थरथरेल.

तेव्हा मी विचारलं,
आणि विचारताना माझी मलाच लाज वाटली,
तुम्ही तिथे जेवायचात कुठे?

सत्व्याच्या खोलीत. खाली पेपर अंथरून.
सहा जण, पाळी लावलेली.
शनिवारी नंबियार, रविवारी पेशावरचा गुलजमान,
त्याच्या हाताला मीठ फार.
माझी पाळी गुरुवारी.
मसूर, भात, नाहीतर खुबूस. पगार झाला की सुरमईचं डोकं.

गुरुवारी.
म्हणजे इकडे मी कलश मांडून, उपाशी,
यांच्या नोकरीसाठी कहाणी वाचायचे
आणि तिकडे हे सहा जणांचा भात टाकायचे.

शिजवेल तो शेवटी जेवायचा, हे म्हणाले.
मला खरवड यायची.
मग आवडायलाच लागली.

वर्षातले चाळीस दिवस
मी यांना वरचा मोकळा भात वाढला,
पाहुण्याला वाढतात तसा, तुपाची धार धरून.
तळाचं मी खाल्लं,
उलथन्याने खरवडून, वर मिठाचे दोन दाणे,
कुणाला दिसू नये म्हणून दाराकडे पाठ करून.
मलाही आवडते ती.
कधी बोलले नव्हते.

लिफ्ट दोनदा येऊन उघडून गेली.

गेलो शेवटी मागेच.
पैसे आधीच भरलेले, परत मिळणार नव्हते.
जोनेल नावाच्या पोराने माझ्या मांडीवर रुमाल पसरला,
मी दचकले, तोही दचकला.
सुनेने त्याला उपास समजावला. तो म्हणाला, आमच्याकडेही असतो, ईस्टरच्या आधी,
आणि कलिंगडाचं कमळ कापून घेऊन आला.
नातीला पिझ्झा मिळाला, कुठून ते विचारलं नाही.
दिवस बुडाला होता, म्हणजे उपास सोडायला हरकत नव्हती.
बटाट्याचं काहीतरी आलं, लोखंडी भांड्यासकट भाजलेलं.
मधलं मधलं पोरांनी उचललं.
कडेचं काळपट भांड्याला धरून राहिलं होतं,
तिथे आमचे दोघांचे चमचे एकमेकांवर आपटले.

सात दहाला भोंगा.
आधी डोंगर हलले, मग आम्ही.
आणि खरंच, सुपात बारीक बारीक वर्तुळं.
नात टाळ्या पिटायला लागली.
ओजस मॅनेजरला बोलवायला उठला.
यांनी त्याला हातानेच बसवलं,
दुसरा तळवा टेबलावर टेकला, नाडी बघतात तसा,
आणि डोळे मिटले.

डावीकडचं बेअरिंग, म्हणाले.
काढेल अजून दोन वर्षं.

आणि सूप गार व्हायच्या आत पिऊन टाकलं.