सव्वीस खोकी

पडदा आधी पांढुरका झाला,
दुधावर साय धरावी तसा.
मग माउसचा बाण गेला, आणि एक निळं वर्तुळ
स्वतःभोवती फिरत राहिलं.
वरच्या पट्टीवर, कंसात: प्रतिसाद देत नाही.

भिंतीपलीकडं चार अंशांवर बेदाणा निजलेला,
पंधरा किलोची खोकी पार छतापर्यंत,
हिरवा, पिवळा, काळा, ज्याचा त्याचा लॉट.
त्यांच्याकडून कुणी उत्तर मागत नाही.

मगदूम अण्णा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"चतुर्दशी आहे आज. मौन असंल त्याचं."
हसले नाहीत. त्यांचंही मौनच होतं,
हिशेबापुरतं सोडलेलं.

फाटकाशी इलाही मुजावरचा ट्रक
इंजिन चालू ठेवून उभा. इंदूरचा माल.
गेटपास निघाल्याशिवाय
वॉचमन साखळी सोडत नाही,
आणि गेटपास त्या सायीखाली.

मी म्हटलं, थांबू या. कधी कधी येतं परत.
थांबलो. चहा आला, निवला.
इलाहीनं हॉर्न दिला, एकदाच, लाजल्यासारखा.

तीन बोटं लागतात. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप.
यादी उघडली तर
आमचा प्रोग्रॅम एकदा नाही, पाच वेळा चालू.
मी अण्णांकडं बघितलं.
"उघडंना," ते म्हणाले, "म्हणून दाबलं.
परत दाबलं."
बहिऱ्याला हाका माराव्यात तसं.

म्हणजे पाच जण एकाच फायलीच्या दाराशी.
पहिला आत शिरून कडी लावून बसलेला.
चौघं बाहेर, शहाण्यासारखे गुपचूप,
कुणी कुणाला विचारत नाही
आतला जिवंत आहे का म्हणून.

चौघांना घालवणं सोपं होतं.
त्यांच्याकडं काहीच नव्हतं, नुसता रांगेतला नंबर.
आतला मात्र जड. त्याच्या पोटात
सकाळपासूनच्या चौदा नोंदी,
मी सेव्ह न केलेल्या.
रोज शंभरदा करते. आज राहिलं,
कारण कुणाशी तरी फोनवर
बोलायचा प्रयत्न करत होते.

बाण त्याच्यावर नेला.
खात्री आहे का, असं तिथं कुणी विचारत नाही.
आपलं आपणच विचारायचं.
दाबलं.

साय एका झटक्यात फाटली.
खाली मालकांच्या नातीचा फोटो,
नवी सायकल, समोरचे दोन दात पडलेले,
हसत होती. इतका वेळ हसतच असणार.

नोंदी परत भरल्या.
अण्णा कार्बनच्या चिठ्ठ्या वाचत गेले, मी टाइप करत गेले.
इलाहीचा पास सर्वांत आधी काढला,
ट्रक गेला, धूळ खिडकीत आली.
तेरा जुळल्या. चौदावीची चिठ्ठीच नाही.
"सावळजचा माणूस," अण्णा म्हणाले, "निळी टोपी.
बावीस खोकी होती. का बत्तीस?"
मलाही टोपीच आठवत होती.

शेवटी दोघांनी स्वेटर चढवले,
जाड दार ओढून आत गेलो.
तोंडातून वाफ, बोटं बधिर,
अण्णा एका बाजूनं, मी दुसऱ्या.
सव्वीस.
पुन्हा मोजली. सव्वीसच.
अण्णांनी त्यांच्या लाल वहीत लिहिलं,
कॉम्प्युटर आल्यापासून जी वही
मालकांच्या मते बंद आहे:
सव्वीस. समक्ष मोजून.

संध्याकाळी स्टँडवर फोन काढला.
थोरलीच्या नावापुढं पाच कॉल,
पाचही माझे.
अंगठा सहाव्यावर गेला होता.

खिडकीतल्या माणसाला विचारलं,
विट्याची गाडी किती वाजता आहे.