इळे

धान पिवळं होऊन आडवं पडायला आलं
आणि आमच्या टोलीतले इळे हरवू लागले.

आधी आमचा, कुडाच्या फटीत खोचलेला.
मग गुरनुल्यांचा. मग पोचूबाईचे दोन,
नुकतीच धार काढून आणलेले,
लोहाराचे पैसे द्यायचे बाकी.

मोबाइल रात्रभर ओट्यावर पडून राहतो गावात,
त्याला कोणी हात लावत नाही. इळे कोण नेतं?

घरी मी आणि त्रिवेणीच.
जाऊबाई पंधरा दिवसांपासून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात,
टिकेशच्या खाटेखाली चटई टाकून.
थंडी पडली की त्याचे गुडघे धरतात,
या वेळी छातीतही शिरलं.

डॉक्टरीणबाईनं कागदावर पेनानं काढून दाखवलं होतं:
तुमची पेशी अशी गोल. याची अशी, विळ्यासारखी.
बारीक नळीत अडकते, म्हणून दुखतं.
मी मान हलवली.
त्रिवेणी माझ्या पदराआडून बघत होती.

तिनं दादाचे पाय दाबायला घेतले.
"हळू न वो, तिवे."
मग हात उचलून नुसतीच फुंकर घालत राहिली,
या गुडघ्यावर, त्या गुडघ्यावर,
वर टांगलेली रक्ताची पिशवी अर्धी होईस्तोवर.

येताना एसटीत विचारलं,
"काकू, इळ्याची धार कायनं जाते वो?"
मी तिकिटाचे सुटे मोजत होते.
"पान्यात पडून राह्यला का गंजते."

आता आठवतं ते.
तेव्हा सुटे पैसे दोन रुपयांनी कमी भरत होते.

काल पहाटे ती अंथरुणात नव्हती.
बोडीच्या कडेला, मांडीभर गार पाण्यात,
फ्रॉक दातांत धरून उभी.
वाकायची, एक इळा वर काढायची,
पात्यावरून अंगठा फिरवायची,
पुन्हा खाली ठेवायची, अलगद,
जसं झोपलेल्या लेकराला ठेवावं.

अंगठ्याला चिंधी होती. चिंधीला रक्त.
मला पाहून रडली नाही.
"अजून हाये धार," म्हणाली.

सहा इळे मी काढले, पुसले,
ज्याचे त्याला नेऊन दिले. काय सांगितलं ते विचारू नका.
आमचा तेवढा राहू दिला पाण्यात.
बांधीतलं धान कापायला
बहिणीच्या गावाहून मागून आणला एक,
तो माळ्यावर लपवून ठेवते.

संध्याकाळी आम्ही दोघी बोडीवर जातो.
मी कंदील धरते. ती वाकते.