काच धर

बटण दाबलं. आत मोटर गुणगुणली,
मग काहीतरी तुटलं,
आणि काच
विहिरीत पोहरा सुटावा तशी
दाराच्या पोटात गेली.

रुस्तावीत नोव्हेंबरचा वारा
परवानगी विचारत नाही.
दोन भाडी मी तशीच नेली.
दुसरी बाई उतरताना म्हणाली,
तुझ्या टॅक्सीत पैसे देऊन सर्दी मिळते.

तिबिलिसीच्या जुन्या बाजारात साठ लारी मोजले:
डाव्या, पुढच्या दाराची यंत्रणा,
दोन रूळ, एक तार, चार कप्प्या.
विकणारा म्हणाला,
अपघात उजव्या बाजूला झाला होता.
हिला काही ठाऊकच नाही.

आता अंगण. चार इमारतींच्या मधला चौक,
बटाटे तळल्याचा वास,
आणि माझ्याकडे दोनच हात.
प्लास्टिकच्या खुंट्या कटकन सुटल्या
(दोन मोडल्या, त्या मोडतातच),
आतला पातळ पडदा डांबरी डिंकासकट सोलला,
हळूहळू, कारण तो परत लावायचा असतो.
मग तार दिसली.
तार कसली, उसवलेली लोकर,
बोटातून रक्त काढणारी.

काच वर ओढून कोणीतरी धरायला हवी.
चिकटपट्टी होती. थंडीत ती कशालाच धरत नाही.

तेव्हा गुराम आला.
त्याचा टायर हलवायला आला होता.
तोच टायर, दगड भरलेला,
जो ठेवून त्याने माझी जागा अडवली
आणि ज्यावरून दोन वर्षं
जिन्यात आम्ही एकमेकांना भिंत समजून गेलो.

मी म्हटलं, काच धर.
एवढंच.
त्याने टायरकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं,
मग एक तळवा आतून, एक बाहेरून,
नमस्कार करता करता
मध्ये काच आल्यासारखा उभा राहिला.

काच धरलेला माणूस कुठे जाऊ शकत नाही.
मला हे ठाऊक होतं.
त्याला थोड्या उशिरा कळलं.

जुनी यंत्रणा तिरकी करून, मग उभी, मग शिव्या देत
बाहेर निघाली.
नवी त्याच वाटेने आत, त्याच शिव्यांनी.
तीन बोल्ट.
पहिला बसला. दुसरा बसला.
तिसरा बोटांतून निसटला,
टण्, टुण्,
आणि तळाशी कुठेतरी गप्प.

"गेला?"
दोन वर्षांतला पहिला शब्द.
"गेला."
"चुंबक आहे?"
"नाही."
"माझ्या घरी आहे."
आम्ही दोघांनी काचेकडे पाहिलं.

मग तो मान वर करून ओरडला, नानुलीऽ, चुंबक!
चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली उतरली,
कुठेही न अडकता.
जुन्या स्पीकरचा चुंबक,
आणि न मागितलेली दोन संत्री.

मी दाराच्या तळाशी चाचपत होते,
कान त्याच्या कोटाजवळ,
तेव्हा तो म्हणाला,
आईसाठी अँब्युलन्स यायची. रात्रीबेरात्री.
म्हणून टायर.
"आणि आता?"
"आता सवय."

मला तो दिवस आठवला.
जिन्याचं दार सताड उघडं, माणसं वर चाललेली.
मी ओपेल दुसऱ्या अंगणात लावली होती.
वर गेले नव्हते.

बोल्ट चुंबकाला चिकटला.
मी काही बोलले नाही. पाना फिरवत राहिले,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

"सोड आता."
मी आत बसले, बटण दाबलं.
काच निघाली, अडखळली, परत निघाली,
त्याच्या हनुवटीवरून, मिशांवरून, डोळ्यांवरून,
आणि वारा एकदम बंद.
पलीकडे त्याचे ओठ हलले.
काहीतरी लांबलचक.

मी काच खाली केली.
"काय म्हणालास?"
"रुळाला ग्रीस लाव. कोरडा आहे."

लावलं.
मोडक्या दोन खुंट्यांपाशी दार अजून खडखडतं.
टायर आहे तिथेच आहे,
फक्त हातभर सरकलाय.
ओपेल बारीक आहे. मावते.