कुठे दुखतं?

अर्कित्साहून सुटलेली फेरीबोट
पाऊण तासात एदिप्सोसच्या धक्क्याला लागली.
ऑक्टोबर. उतरणाऱ्यांत मी सोडून सगळे सत्तरीपुढचे,
आणि एक कोंबड्यांचा पिंजरा.

या गावात ‘कसं काय’ कुणी विचारत नाही.
औषधवाला, पावाच्या दुकानातली पोर,
हॉटेलचा जिना पुसणारा स्तामातिस,
सगळ्यांचं एकच : पू पोनास?
कुठे दुखतं?
आणि उत्तरासाठी थांबतात.

मी म्हटलं, गुडघा. उजवा.
त्यांनी मान डोलावली,
गाव-तालुका सांगितल्यावर आपल्याकडे डोलावतात तशी.

डोंगरातलं कढत पाणी
खडकांवर पिवळी-तांबडी पुटं चढवत
थेट समुद्रात पडतं.
वाताने वाकलेला कुणी रोमन सेनापती आला होता म्हणतात.
मग संगमरवरी पायऱ्या आल्या, झुंबरं आली,
झुंबरांवर धूळ आली.
पाण्याला मात्र अजून तोच गंधकाचा वास.

ऊन धार आणि गार लाट जिथे भेटतात
तिथे पाण्यावर दहा-बारा टोप्या :
गवती, सुती, एक जाळीची, बहुधा कुणाच्या लग्नातली.
टोप्यांखाली गळाभर बुडालेल्या बायका
आणि कडाक्याचा वाद,
वांगी आधी तळावीत की भाजावीत.
लाट आली की सगळ्या एकदम वर जातात
आणि वाक्य न तोडता खाली येतात.

इव्हान्थिया माझ्याकडे सरकली.
श्टुटगार्टला बारा वर्षं शिवणकाम केलेली,
तिचं गंजलेलं जर्मन, माझं अर्धकच्चं.
पाण्याखालीच तिने माझा गुडघा चाचपला,
कापडाचा पोत बघावा तसा.
“आणि तुमचं कुठे दुखतं?”

“माझं? कुठेच नाही.”
एक लाट गेली. दुसरी गेली.
“कंबर लेफ्तेरिसची. एकतीस वर्षं
आम्ही तिला घेऊन यायचो. एकवीस आंघोळी,
डॉक्टरची चिठ्ठी, मागच्या बाजूची स्वस्त खोली.
मार्चमध्ये तो गेला.
खोलीचे पैसे आधीच भरून ठेवले होते बावळटाने.
मग कंबर मीच आणली.”

दुखणं अंगावर काढू नये, म्हणतात आमच्याकडे.
आणि ज्याची आशा संपली
त्याच्यावर पाणी सोडतात.
हे मला जर्मनमध्ये सांगता येईना.
इथे तर पाणी आपणहून सुटलेलं, दिवसरात्र,
आणि कुणीच कशावर पाणी सोडायला तयार नाही.

काठावरून रखवालदाराने शिट्टी मारली :
वीस मिनिटं झाली, बाहेर या,
हृदयाला याहून जास्त सोसत नाही!
टोप्या हलल्या नाहीत.
वांग्यांचा निकाल अजून लागायचा होता.

सकाळी पाव बांधताना पोरीने विचारलं,
पू पोनास?
जिना मी न थांबता उतरले होते, कठड्याला हात न लावता.
तरी म्हटलं,
गुडघा. उजवा. अजून.